पत्त्यात हजेरी नंबर नको



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. आजचा विषय संगणकाच्या प्रोग्रॅमिंगचा आहे. मराठी माध्यमातून बी. ए. झालेल्या आणि सगळी नोकरी खडू-फळ्यावर काढलेल्या माणसाने या भानगडीत का पडावं, असं घरची मंडळी म्हणतीलच. म्हणू देत. गेल्या काही दिवसांत एक प्रकार घडला आणि त्यावरून भाच्याशी दोन संध्याकाळी वाद झाला. त्या वादातून माझं जे मत झालं ते इथे मांडतो.

आधी प्रकार सांगतो.

माझे एक जुने सहकारी आहेत. परतूर तालुक्यात राहतात, सगळे त्यांना नाना म्हणतात. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका संस्थेने जिल्ह्यात ठिकठिकाणी मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेची शिबिरं ठरवली होती. (संस्थेचं नाव लिहीत नाही. काम चांगलं करतात, चूक अजाणता झाली.) नानांनी परतूर केंद्रावर नाव नोंदवलं. शेजारच्या मुलाने संस्थेच्या संकेतस्थळावरचं यादीचं पान नानांच्या फोनवर साठवून दिलं. दर दोन-चार दिवसांनी उघडायचं, आपलं नाव आणि पुढची तारीख बघायची. नाव होतं, तारीख यायची होती. सगळं ठीक चाललं होतं.

एक दिवस तेच पान उघडलं तर यादीत नानांचं नावच नाही! मुलाने वरपासून खालपर्यंत दोनदा शोधलं. नाही. नानांचा स्वभाव भिडस्त. "काढलं असेल नाव, माझ्यापेक्षा गरजू माणसं असतील," म्हणून गप्प बसले. फोन केला नाही, कुणाला विचारलं नाही. परतूरचं शिबिर झालं, त्या यादीत नाना होते, त्यांची वाट पाहिली गेली आणि शेवटी पुढचा माणूस आत घेतला. नानांना हे कळलं तेव्हा चार दिवस उलटून गेले होते.

झालं होतं असं, की नाना ज्या पानावर बघत होते ते पान आता परतूरचं राहिलंच नव्हतं. ते जाफराबादचं झालं होतं. पानाच्या माथ्यावर केंद्राचं नाव होतं, पण बारीक इंग्रजी अक्षरांत. ज्याच्या डोळ्यांत मोतीबिंदू आहे त्याने ते वाचायचं कसं? आणि मुलगा बिचारा नाव शोधत होता, माथा बघत नव्हता.

परतूर जिल्ह्याच्या दक्षिणेला, जाफराबाद पार उत्तरेला. एका जागेवरचं पान बसल्या बसल्या दुसरीकडे कसं गेलं?

दिवाळीत भाचा पुण्याहून आला तेव्हा त्याला हे सांगितलं. तो सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याने नानांच्या फोनमधला पत्ता मागवून घेतला आणि बघताच म्हणाला, "मामा, हे बघा, शेवटी काय आहे." पत्ता अर्थातच रोमन लिपीत होता, पण आपल्या सोयीसाठी देवनागरीत लिहितो. तो साधारण असा होता: /केंद्र/४/यादी.

मग त्याने मला समजावून सांगितलं. ते माझ्या भाषेत सांगतो. शाळेत आपण शिपायाच्या हाती चिठ्ठी देऊन ऑफिसातून कागद मागवतो ना, "सातवी ब, हजेरी द्या", तसं फोनमधलं पान दूरच्या संगणकाकडे चिठ्ठी पाठवतं. चिठ्ठी कशी लिहायची आणि उत्तर कसं मिळेल याचे जे नियम ठरवून दिलेले असतात त्याला वेब एपीआय म्हणतात. चिठ्ठीचा काही मजकूर कायमचा छापलेला असतो आणि मध्ये एखादी रिकामी जागा असते, "सातवी ब" च्या जागी "आठवी अ" लिहिता येईल अशी. ती रिकामी जागा म्हणजे रूट पॅरामीटर. आणि त्या जागेत काय वाट्टेल ते लिहिता येत नाही, आधीच ठरलेल्या पाच-सात पर्यायांपैकीच एक लिहावं लागतं. अशा ठरलेल्या पर्यायांच्या बंद यादीला एनम म्हणतात. आठवड्याचे वार, वर्षाचे ऋतू, शिबिराची केंद्रं, सगळी अशीच.

आता गंमत इथे आहे. प्रोग्रॅम लिहिणारा नावं एकाखाली एक लिहितो, आणि जावा किंवा सी शार्प यांसारख्या भाषा आपणहून त्यांना शून्यापासून क्रमांक देतात. पहिल्याला ०, दुसऱ्याला १, असं. संस्थेची सुरुवातीची केंद्रं पाच होती आणि इंग्रजी अकारविल्हे लिहिली होती असं दिसतं: अंबड ०, भोकरदन १, जाफराबाद २, जालना ३, परतूर ४. नानांचं पान चार नंबरचं, म्हणजे परतूरचं. बरोबर.

मग संस्थेने तीन केंद्रं वाढवली: बदनापूर, घनसावंगी, मंठा. कुणीतरी नीटनेटकेपणाने ती अकारविल्हे आपापल्या जागी बसवली. झालं! अंबड ०, बदनापूर १, भोकरदन २, घनसावंगी ३, जाफराबाद ४, जालना ५, मंठा ६, परतूर ७. नानांच्या फोनमधला चार हा चारच राहिला, पण चारचा अर्थ जाफराबाद झाला. जालन्याचं पान साठवलेल्यांना घनसावंगीची यादी दिसू लागली, भोकरदनवाल्यांना बदनापूरची. आम्ही दोघांनी ० ते ७ आकडे टाकून पाहिले, अगदी असंच निघालं. फक्त अंबडचे लोक सुखी, कारण ते पहिले.

कुठेही काही मोडलं नाही, कुठेही लाल अक्षरात सूचना आली नाही. पान उघडत होतं, यादी दिसत होती. ती दुसऱ्याची होती एवढंच. मला हे सगळ्यात भयंकर वाटलं. मोडकं दार निदान मोडलेलं दिसतं. इथे दार धड होतं आणि आत घर दुसऱ्याचं.

हे ऐकताना मला माझीच एक जुनी चूक आठवली आणि कान लाल झाले. नोकरीच्या पहिल्या काही वर्षांतली गोष्ट. वर्गाच्या हजेरीपत्रकात मध्येच तीन-चार मुलं दाखल झाली होती, म्हणून मी दिवाळीनंतर हजेरीपत्रक पुन्हा आडनावांच्या क्रमाने लिहून काढलं. स्वच्छ, सुवाच्य. मात्र सहामाहीचे गुण माझ्या वहीत जुन्या हजेरी नंबरांसमोर होते, नावं लिहिलेली नव्हती. ते मी तसेच नव्या नंबरांवर उतरवले. एका हुशार मुलीच्या समोर गणितात अकरा गुण आले. तिच्या वडिलांनी तिला शाळेतून काढायची तयारी केली होती. "मुलीला डोकं नाही, शेतात तरी कामाला येईल," असं ते म्हणाले. आई शाळेत रडत आली म्हणून घोळ उघड झाला. ती आली नसती तर? चूक माझी होती, पत्रकाची नव्हती. त्या दिवसापासून मी नुसत्या हजेरी नंबरावर एकही गुण लिहिला नाही.

शाळेत काम केलेल्यांना माहीत आहे, विद्यार्थ्याला दोन नंबर असतात. एक हजेरी नंबर. तो दर वर्षी बदलतो, रांगेतली जागा सांगतो, आणि रांगेत कुणी घुसलं की मागच्या सगळ्यांचा हलतो. दुसरा जनरल रजिस्टरचा नंबर. मूल शाळेत दाखल होतं त्या दिवशी तो मिळतो आणि पुन्हा कधीही बदलत नाही. मूल शाळा सोडून गेलं तरी तो नंबर दुसऱ्याला देत नाहीत. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर तोच असतो. पन्नास वर्षांनी कुणी जन्मतारखेच्या पुराव्यासाठी आलं तरी त्या नंबरावरून पान सापडतं.

पहिला नंबर मोजलेला असतो, दुसरा दिलेला असतो. माझं म्हणणं एवढंच आहे, की पत्त्यात नाव घाला, नाहीतर दिलेला नंबर घाला. मोजलेला नंबर कधीही घालू नका.

भाचा लगेच कबूल करणारा नाही. तो म्हणाला, "मामा, नावं बदलतात, आकडा बदलत नाही. तुमच्या शेजारच्या जिल्ह्याचंच बघा." मुद्दा बिनतोड होता. २०२३ मध्ये औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर झालं, उस्मानाबादचं धाराशिव झालं. पण गाड्यांच्या पाटीवर एमएच-२० होतं ते एमएच-२०च राहिलं. आपलं जालना एमएच-२१, परभणी २२, बीड २३. नाव पत्त्यात घातलं असतं तर २०२३ मध्ये सगळे पत्ते मोडले असते, हा त्याचा युक्तिवाद.

मी म्हटलं, "अरे, पण एमएच-२० हा हजेरी नंबर नाही, तो जनरल रजिस्टरचा आहे. कुणीतरी एकदा ठरवून दिला आणि कागदावर लिहून ठेवला. उद्या नवा जिल्हा झाला तर त्याला शेवटचा नवा नंबर मिळेल, वीसचे एकवीस होणार नाहीत." पिनकोडचंही तेच. १५ ऑगस्ट १९७२ ला तो सुरू झाला, आणि त्यामागे श्रीराम भिकाजी वेलणकर हे आपले मराठी अधिकारी आणि संस्कृत कवी होते. एकाच नावाची अनेक गावं, नाना भाषा, नाना लेखनपद्धती, यातून पत्र हरवू नये म्हणून सहा आकडे आले. जालना शहराचा ४३१२०३ हा आकडा कुणी अकारविल्हे मोजून काढलेला नाही. आणि गंमत म्हणजे पिनकोड आल्यावर आपण गावाचं नाव लिहिणं सोडलं का? नाही. दोन्ही लिहितो. एकात चूक झाली तर दुसरं सांभाळून घेतं.

नुसता आकडा फसवतो याचा आणखी एक अनुभव माझ्याच हातचा आहे. २००१ च्या जनगणनेला मी प्रगणक होतो. तेव्हा महाराष्ट्रातल्या जिल्ह्यांना राज्यापुरते क्रमांक होते आणि जालन्याचा क्रमांक होता १८. २०११ ला देशभर सलग क्रमांक दिले, आणि जालना झालं ५१४. जिल्हा जागचा हलला नाही, आकडा कुठच्या कुठे गेला. जुनी आकडेवारी नव्याशी जोडणाऱ्याने १८ म्हणजे १८ असं धरलं तर काय होईल सांगायला नको.

उलट चांगलं उदाहरणही सरकारीच आहे. जीएसटीच्या नंबरात पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्राचे २७. आंध्र प्रदेशाचे २८ होते. २०१४ मध्ये तेलंगणा वेगळं झालं. तेलंगणाला ३६ मिळाला, आणि उरलेल्या आंध्रालाही जुना २८ न ठेवता ३७ हा नवा आकडा दिला. २८ म्हणजे अविभाजित आंध्र, तो तसाच बाजूला ठेवला. मधल्या कुणालाही सरकवलं नाही, जुना आकडा दुसऱ्या अर्थाने वापरला नाही. जनरल रजिस्टर असंच चालवायचं असतं.

भाच्याने मग मान्य केलं, आणि त्याच्याकडचीच एक गोष्ट सांगितली. जोशुआ ब्लॉक यांचं 'इफेक्टिव्ह जावा' हे पुस्तक त्याच्या धंद्यात फार मानलं जातं. त्यात एक स्वतंत्र कलमच आहे, की एनममधल्या जागेवरून निघणाऱ्या क्रमांकावर काहीही अवलंबून ठेवू नये, आकडा हवाच असेल तर तो प्रत्येक नावापुढे स्वतः लिहून ठेवावा. म्हणजे जाणत्यांना हे ठाऊक आहे. मग मी म्हटलं, ठाऊक आहे तर नानांच्या वाट्याला हे का आलं? तो म्हणाला, "घाई." एवढंच.

आता नावच घालायचं ठरवलं तरी कोणतं आणि कसं, हा प्रश्न उरतोच. आपल्या जिल्ह्याचं जाफराबाद घ्या. इंग्रजीत कुणी एक एफ लिहितं, कुणी दोन. मराठीतसुद्धा कुणी जाफ्राबाद लिहितं. घनसावंगीत कुणी व्ही घालतं, कुणी डब्ल्यू. म्हणून पत्त्यातलं नाव एकाच लेखनात, सगळं लहान लिपीत, एकदा ठरवून टाकावं. मोठी आणि लहान लिपी हा भेद पत्त्यात मानला जातो हे मला नवीन होतं. पत्त्यातलं संकेतस्थळाचं नाव कसंही लिहिलं तरी चालतं, त्यापुढचा भाग मात्र जसाच्या तसा लागतो. जावातही एनमचं नाव अक्षरन् अक्षर जुळलं तरच ओळखलं जातं. तेव्हा आत शिरताना आधी सगळं लहान लिपीत करून घ्यावं, हे दोन ओळींचं काम आहे असं भाचा म्हणतो.

मी विचारलं, मग सरळ मराठीतच का नाही? चालतं म्हणाला, पण आतल्या प्रवासात देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं आणि टक्क्याच्या खुणांनी लिहिलं की नऊ अक्षरांचं होतं. 'जालना' हा छोटा शब्द, मात्रा धरून पाच चिन्हांचा, पण तो पंचेचाळीस अक्षरांचा होतो. व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की कधीकधी तो तसा अक्राळविक्राळ दिसतो आणि माणसं घाबरून दाबतच नाहीत. मन थोडं खट्टू झालं, पण मुद्दा पटला. पत्त्यात रोमन ठेवा, पण पानाच्या माथ्यावर मात्र ठळक मराठीत 'परतूर केंद्र' असं लिहा. नानांसाठी तेवढंही पुरलं असतं.

यातून एक गोष्ट माझ्या लक्षात आली. पत्त्यातलं नाव म्हणजे दुकानावरची पाटी नव्हे. पाटी हवी तेव्हा बदलता येते. पत्त्यातलं नाव एकदा लोकांच्या हाती गेलं की ते वचन होतं. मुंबईचं नाव १९९५ मध्ये बदललं, पण विमानतळाचा संकेत अजून बीओएम आहे. जगभरच्या तिकिटांवर, सामानाच्या चिठ्ठ्यांवर तो आहे, म्हणून कुणी त्याला हात लावला नाही. आणि बदलायचंच झालं तर जुनं नाव घेऊन येणाऱ्याला नव्या दाराशी नेऊन सोडायची सोय ठेवावी. वेबवर ती सोय आहे, ३०१ हा आकडा तेच सांगतो: मुक्काम कायमचा हलला, इकडे या. पोस्टमन नाही का नव्या पत्त्यावर पत्र नेऊन देत? माझ्या पदवीच्या कागदावर नुसतं 'मराठवाडा विद्यापीठ' आहे. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला आणि विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव मिळालं, याचा आनंदच आहे. पण म्हणून माझी पदवी रद्द झाली नाही. जुन्या नावाचा कागद आजही ओळखला जातो. नवं नाव मानाने लावावं आणि जुन्या कागदाची ओळख ठेवावी, दोन्ही एकत्र जमतं.

वेब ज्यांनी उभं केलं त्या टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलं आहे, की चांगला पत्ता बदलत नाही, आणि पत्ता ठरवताना पुढे बदलू शकणारी माहिती त्यातून वगळावी. यावरून आमचा शेवटचा वाद झाला. भाचा म्हणाला, अर्जाची स्थिती हाही एनमच असतो: प्रलंबित, मंजूर, नामंजूर. मग ती पत्त्यात घालावी का? माझं मत असं. "मंजूर झालेले सगळे अर्ज दाखवा" अशी चिठ्ठी लिहायला हरकत नाही, तिथे मंजूर हा चाळणीचा शब्द आहे. पण एखाद्या माणसाच्या अर्जाचा स्वतःचा पत्ता 'प्रलंबित' या शब्दातून जात असेल तर अर्ज मंजूर होताच तो पत्ता मरतो. म्हणजे ऐन आनंदाच्या दिवशी माणसाला त्याचा अर्ज सापडत नाही! मुलाच्या जनरल रजिस्टरच्या नंबरात इयत्ता घालण्यासारखं आहे ते. मूल दर वर्षी वर जाणार, हे आपल्याला आधीच माहीत असतं.

तसंच यादी खरोखर बंद आहे का, हेही स्वतःला विचारावं. वार सातच राहतील. जिल्हे? १ मे १९६० ला महाराष्ट्रात २६ जिल्हे होते. १ मे १९८१ ला जालना आणि सिंधुदुर्ग झाले, असं करत २०१४ मध्ये पालघर धरून ३६ झाले. आपल्या जालना जिल्ह्याची सुरुवातही पाच तालुक्यांवर झाली. औरंगाबादचे जालना, अंबड, भोकरदन, जाफराबाद आणि परभणीचा परतूर. पुढे बदनापूर, घनसावंगी, मंठा हे तालुके होऊन आठ झाले. (संस्थेची केंद्रंही नेमकी याच क्रमाने वाढली, योगायोग बघा.) तेव्हा तालुका, केंद्र, योजना असल्या वाढणाऱ्या गोष्टी प्रोग्रॅमच्या पोटात एनम म्हणून पक्क्या करण्याऐवजी तक्त्यात ठेवाव्यात, प्रत्येकापुढे त्याचं कायमचं नाव लिहून. नवीन आलं की खाली एक ओळ वाढवायची. वरचं कुणी हलत नाही.

आता दाराची गोष्ट. ० ते ७ करून झाल्यावर मी गमतीने ९९ टाकायला लावलं. कोरी यादी आली! असं केंद्र नाही, असं सांगितलं नाही. नुसती कोरी यादी, म्हणजे बघणाऱ्याने समजायचं की कुणाचाच नंबर लागलेला नाही. भाचा म्हणाला, सी शार्पमध्ये मजकुरावरून एनम ओळखणारी सोय आहे, तिला यादीत नसलेला आकडा दिला तरी ती 'जमलं' म्हणते, तो यादीत आहे का हे वेगळं तपासावं लागतं. आणखी एक. तिथे अर्जात केंद्र भरायचं राहिलं तर ती जागा शून्याने भरली जाते, आणि शून्य म्हणजे अंबड. म्हणजे न लिहिणारा प्रत्येक माणूस गुपचूप अंबडला! म्हणून शहाणे लोक शून्याला 'माहीत नाही' असं ठेवतात.

याउलट पायथनमध्ये फास्टएपीआय म्हणून एक साधन आहे. त्यात अशी बंद यादी लावली आणि कुणी भलतंच लिहिलं तर ते ४२२ असा आकडा देऊन सोबत कोणते पर्याय चालतील तेही कळवतं. मला हे फार आवडलं. चांगला शिक्षक "चूक" म्हणून थांबत नाही, बरोबर काय काय असू शकतं ते सांगतो. चुकीचा आकडा ४०० असावा, ४०४ असावा की ४२२, यावर त्या लोकांत बराच काथ्याकूट चालतो म्हणे. चालू दे. माझ्या दृष्टीने महत्त्वाचं एवढंच, की दारावरच्या माणसाने "इथे असं कुणी राहत नाही" हे स्पष्ट सांगावं. कोरा कागद हातात देऊ नये.

नावाचा सगळ्यात मोठा फायदा मला जो वाटतो तो शेवटी सांगतो. पत्ता जर /केंद्र/परतूर/यादी असा असता, तर यादीत केंद्रं वाढली, उलटीपालटी झाली तरी परतूर परतूरच राहिलं असतं. आणि समजा काही बिघडलंच असतं, तरी शेजारच्या मुलाला पत्त्यात परतूर आणि माथ्यावर जाफराबाद असं दिसलं असतं. सातवीतला मुलगाही म्हणाला असता, "नाना, यात काहीतरी गडबड आहे." चार आणि जाफराबाद यात गडबड आहे हे ब्रह्मदेवालाही कळलं नसतं. आकडा चुकला की तो चुकलेला दिसत नाही. नाव चुकलं की ते लगेच खटकतं. साध्या माणसाला यंत्राची चूक पकडता यावी एवढी जागा त्याला ठेवली पाहिजे, असं मला वाटतं. नाहीतर यंत्र चुकतं आणि माणूस स्वतःलाच दोष देतो. "काढलं असेल माझं नाव," म्हणून गप्प बसतो.

भाचा आता काय म्हणतो? म्हणतो, "मामा, पुढच्या मीटिंगला तुम्हीच या." चेष्टाच ती. पण परत जाताना त्याने संस्थेला नीट पत्र लिहिलं, ० ते ७ चा तक्ता जोडून. त्यांनी चूक मान्य केली. पत्त्यात आता केंद्रांची नावं आली आहेत, माथ्यावर मोठी मराठी अक्षरं आली आहेत. नानांना पुढच्या शिबिरात घेतलं, एका डोळ्याचं काम झालं आहे, दुसऱ्याचं व्हायचं आहे. परवा फोनवर म्हणाले, "सर, आता माथा वाचता येतो बरं का." मी म्हटलं, "नाना, माथा वाचून झाला की पत्ताही वाचत जा."

असो. लांबलं थोडं. तुमच्यापैकी जी मुलं-मुली या क्षेत्रात आहेत त्यांनी मी कुठे चुकलो असेन तर जरूर सांगावं. शिकायची हौस अजून आहे. आणि ज्यांच्या फोनमध्ये आकड्यांवर संपणारे असे पत्ते साठवलेले आहेत, त्यांनी यादीत नाव दिसलं नाही तर गप्प बसू नये. आधी एक फोन करावा.